बारीक अंगातली चरबी

सांगलीच्या आमराईत सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो: "अंगावर मूठभर मांस नाही, त्याला शुगर कशी निघाली?" पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या प्रश्नाच्या उत्तरासाठी सारी कारकीर्द वेचली.

ऑक्सफर्डहून परतल्यावर त्यांच्याकडे येणारे रुग्ण इंग्रजी पुस्तकांतल्यांपेक्षा तरुण आणि सडपातळ होते. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२! जेवणानंतर रक्तातली बरीचशी साखर स्नायू उचलतात. स्नायू कमी आणि पोटात चरबी जास्त असली की इन्सुलिनचं, म्हणजे रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या संप्रेरकाचं, काम अडतं. आपल्याकडच्या शिबिरांत वजन घेतात, बोटातून रक्त काढतात, पण कमरेला टेप लावलेली मी क्वचितच पाहिली. पुरुषाची कंबर ९० आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या वर असेल, तर वजन कमी असूनही साखर तपासायलाच हवी.

कमी स्नायू आणि जास्त चरबी, ही ठेवण येते कुठून? ते शोधायला याज्ञिकांच्या चमूनं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत बायकांच्या नोंदी ठेवल्या, त्याही दिवस जाण्याच्या आधीपासून. बाळ जन्मलं की वजन, दंडाचा घेर, आणि खांद्यामागच्या हाडाखालची कातडी चिमटीत धरून तिची जाडी मोजायची. बाळांचं सरासरी वजन भरलं २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं होतं ३.५ किलो. दंड बारीक, पोट लहान. कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं फारशी कमी नव्हती. म्हणजे आपली ही ठेवण आईच्या पोटातच घडत होती.

मग आयांचं रक्त तपासलं, तेव्हा जवळपास दोनतृतीयांश जणींत बी-१२, म्हणजे दूध, अंडी, मांसातून मिळणारं जीवनसत्त्व, कमी निघालं. ज्यांच्यात बी-१२ कमी पण फोलेट (फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळीतून मिळतं ते जीवनसत्त्व) भरपूर होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत जास्त अडथळा दिसला. आपल्याकडे गरोदरपणात फॉलिक अ‍ॅसिडची गोळी न चुकता देतात, आणि ती हवीच. पण बी-१२ कडे कुणाचं लक्ष असतं? दूध-अंडीही बेतानंच खाणाऱ्या घरात तर ते विचारायलाच हवं.

मला सर्वांत मोठी वाटते ती या कामातली चिकाटी. तीच बाळं किशोरवयात आल्यावर चमूनं त्यांना बी-१२ द्यायला सुरुवात केली, त्यांना होणाऱ्या मुलांच्या शरीरात फरक पडतो का हे पाहण्यासाठी.