‘फायनल रद्द’ आणि ‘हप्तो फिटलो’: अफवा कुठली, बदनामी कुठली?

भात कापून मळे मोकळे झाले की आमच्या कोकणात रात्रीच्या टेनिस बॉल स्पर्धा सुरू होतात. एक गाव एक संघ, खांबांवर हॅलोजन, यूट्यूबवर लाइव्ह आणि मुंबईतून फोनवरच अंपायरिंग करणारे चाकरमानी. यंदा सेमीफायनलच्या रात्री गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाठोपाठ दोन मेसेज पडले. पहिला, ‘उद्याची फायनल रद्द, परवानगी नाकारली.’ साफ खोटा. दुसरा आमच्या वाडीतल्या पोरावर होता. शेवटच्या ओव्हरला त्यानं दोन नो-बॉल टाकले आणि हातातली मॅच गेली. त्यावर एकानं लिहिलं, ‘बाईकचो हप्तो फिटलो वाटता!’ म्हणजे पैसे घेऊन मॅच सोडली. खाली हसणाऱ्या तोंडांची रांग.

सकाळी गाव तापला तो पहिल्या मेसेजवर. वडापावचा स्टॉल लावणाऱ्यानं पाव कमी मागवले होते. तो तर ‘सायबरला देतंय’ म्हणून निघालाच होता. दुसऱ्या मेसेजचं कोणाला काही नव्हतं. मस्करी ती! कायद्याचं पुस्तक उघडलं तर मात्र हिशेब उलटा निघतो.

खोटी बातमी पसरवली एवढ्यानंच गुन्हा होत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५३ अफवांबद्दल आहे, पण त्याला नुसता खोटेपणा पुरत नाही. लोकांत घबराट पसरून शांतता बिघडेल किंवा एक गट दुसऱ्यावर उठेल असं काहीतरी त्या मजकुरात लागतं. फायनल रद्द झाली म्हणून दंगल होत नाही, फार तर पाव शिळे होतात. पण तोच मेसेज ‘त्या गावच्यांनी आमच्या पोरांना मारलं’ असा असता तर गोष्ट वेगळी. गटागटांत द्वेष पेटवणारा मजकूर असेल तर तिथं धर्म, जात, भाषा यांच्या जोडीला राहण्याचं ठिकाणही धरलं जातं, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाते.

मोठ्या क्रिकेटमधलं उदाहरण घ्या. २३ ऑगस्ट २०२३ ला झिम्बाब्वेचा माजी कर्णधार हीथ स्ट्रीक गेल्याची बातमी जगभर फिरली. त्याचा जुना सहकारी हेन्री ओलोंगा यानंही ती टाकली होती, आणि स्ट्रीक जिवंत असल्याचं मग त्यानंच सांगितलं. स्ट्रीकचं निधन खरोखर झालं ते ३ सप्टेंबरला. बातमी खोटी होती, घरच्यांना किती लागली असेल. पण ‘अमका वारला’ म्हटल्यानं त्याची अब्रू जात नाही. ही अफवा झाली, बदनामी नव्हे.

बदनामी, कायद्याच्या मराठीत अब्रूनुकसानी, संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. माणूस ओळखू आला पाहिजे, तिसऱ्या कोणाच्या तरी डोळ्यांखालून ते गेलं पाहिजे आणि चारचौघांत त्याची पत उतरेल असा आरोप त्यात हवा. नाव नसलं तरी चालतं. शेवटची ओव्हर कोणी टाकली हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आता त्या कलमातली मला सगळ्यात कोकणी वाटलेली ओळ. त्याच्या स्पष्टीकरणात म्हटलं आहे की उपरोधानं केलेला आरोपही अब्रूनुकसानी ठरू शकतो. आमच्याकडे सरळ आरोप करतं कोण? टोमण्यातच सगळं येतं. ‘मॅच इकल्यान’ आणि ‘हप्तो फिटलो वाटता’ यांत कायद्याला फारसा फरक दिसणार नाही.

शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही, किंवा समाजसेवा. गुन्हा अदखलपात्र, त्यामुळे पोलीस ठाण्यात एनसीच्या, म्हणजे नुसत्या अदखलपात्र नोंदीच्या, पुढे सहसा सरकत नाही. ज्याची अब्रू गेली त्यानं स्वतः मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करायची, तीन वर्षांच्या आत. भरपाईचा दिवाणी दावा वेगळा, त्याला मुदत एकच वर्ष.

‘पोरगो दबावात कच्चो पडता’ असं लिहिलं असतं तर? ते मत. लोकांसमोरच्या कामगिरीवर सद्भावनेनं कितीही कडवट बोला, त्याला अपवाद आहे. पैसे घेतले, हे मत नव्हे.

आमचे तात्या म्हणतात, शंभर माणसांच्या ग्रुपात कसली बदनामी. त्यांना मी ख्रिस केर्न्सची गोष्ट सांगितली. जानेवारी २०१० मध्ये आयपीएलचे तेव्हाचे प्रमुख ललित मोदींनी न्यूझीलंडच्या या खेळाडूवर मॅच-फिक्सिंगचा आरोप करणारं ट्वीट टाकलं, इंग्रजी शब्द अवघे चोवीस. इंग्लंड-वेल्समध्ये ते थेट वाचणारे लोक साधारण पासष्ट धरले गेले. मार्च २०१२ मध्ये लंडनच्या हायकोर्टानं भरपाई दिली ९० हजार पौंड, म्हणजे शब्दाला ३,७५० पौंड. पुढे याच दाव्यात खोटी साक्ष दिल्याचा खटला केर्न्सवर चालला, त्यातून तो २०१५ मध्ये सुटला. कायदा तिथला, हे खरं. तात्या मात्र गप्प झाले.

फॉरवर्ड करणाराही मोकळा नाही, पुढे ढकलणं म्हणजेही प्रसिद्ध करणंच. अ‍ॅडमिनला उगाच घाम फुटतो. दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुराला निव्वळ अ‍ॅडमिन म्हणून तो जबाबदार नाही, असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलं आहे. आणि कोणी अजून ‘सासष्ट अ लावतंय’ म्हणून दम देत असेल तर आयटी कायद्यातलं ते आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराचं कलम सुप्रीम कोर्टानं २४ मार्च २०१५ लाच रद्द केलं. त्या खटल्यामागे आपल्याच कोकण पट्ट्यातलं पालघर होतं. २०१२ मध्ये एका फेसबुक पोस्टवरून तिथं दोन तरुणींना अटक झाली होती.

राहता राहिलं ‘पण खरंच असेल तर?’ दिवाणी दाव्यात खरेपणा पुरतो. फौजदारीत खरं असून भागत नाही, ते लोकहितासाठी सांगितलं हेही दाखवावं लागतं. आणि दोन्हीकडे खरं ठरवायचं ओझं लिहिणाऱ्याच्या डोक्यावर.

हप्त्यावाल्यानं मेसेज तिसऱ्या दिवशी डिलीट केला. पोराच्या आईनं त्याआधीच स्क्रीनशॉट घेऊन ठेवला होता, बँकेचं पासबुकही काढून ठेवलंय. बाईकचे चौदा हप्ते अजून बाकी आहेत.