पान पिवळं पडलं? तांब्या उचलण्याआधी हे वाचा

आमच्या रोपवाटिकेतून कलमं आणि कुंडीतली रोपं नेणाऱ्या ग्राहकांसाठी

गणपती आटोपून चाकरमानी परतले की पंधरा-वीस दिवसांत आम्हाला फोन येऊ लागतात. तक्रार एकच असते, "रोज पाणी घालतंय, तरी सुकता." बहुतेक वेळा त्यातल्या 'तरी'च्या जागी 'म्हणून' घातलं की कारण सापडतं.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. पिशवीतली माती सतत चिंब राहिली की हवेला जागा उरत नाही, मुळं गुदमरतात आणि काळी पडून कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढत नाही. म्हणून ओल्या मातीतलं रोपही तहानेल्यासारखं मान टाकतं आणि आपण मायेने आणखी एक तांब्या ओततो. तहानेने गेलेल्या कलमांपेक्षा अशी गेलेली कलमं आम्ही जास्त पाहिली आहेत.

आधी बोट, मग पाणी

बोट दोन पेरं मातीत घाला. आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको, वरचा थर कितीही कोरडा दिसो. पिशवी उचलून वजनाचा अंदाज घ्यायची सवय लागली तर फारच उत्तम, आम्हीही तसंच ओळखतो. पाणी द्याल तेव्हा खालच्या भोकांतून बाहेर येईपर्यंत द्या आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका. रोज घोटभर पाणी घातल्याने वरची माती तेवढी भिजते, तळाची मुळं कोरडीच राहतात.

दुपारी मरगळलेलं रोप पाहून घाबरू नका. ऑक्टोबरच्या उन्हात चांगली रोपंही दुपारी पानं लोंबती सोडतात. संध्याकाळी ती सावरली तर काही बिघडलेलं नाही. सकाळीही मान खालीच असेल, तर माती पाहा. कोरडी असेल तर तहान, ओली असेल तर मुळांचं दुखणं. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घातलेली पिशवी एकदा पूर्ण वाळली की पाणी आत घेत नाही, कडेने वाहून जातं. अशी पिशवी बादलीत बुडबुडे थांबेपर्यंत बुडवा आणि निथळून ठेवा.

पावसाळ्यात कुंड्या पागोळ्यांखाली ठेवू नका. कौलांवरून पडणारी धार माती उडवते, मुळं उघडी पाडते आणि कुंडीचं डबकं करते. कुंडी भिंतीकडे सरकवा, खाली दोन चिऱ्याचे तुकडे ठेवा, म्हणजे भोकं मोकळी राहतात.

कुठलं पान पिवळं झालंय?

खालची जुनी पानं एकसारखी फिकी होत गेली आणि माती ठीक असेल, तर बहुधा नत्र कमी पडलंय. आपल्या पावसात ते धुऊन जातं. मूठभर गांडूळखत द्या. कच्चं शेण मात्र कधीच नको, मुळं भाजतात आणि हुमणी (मुळं खाणारी अळी) येते.

शेंड्याची नवी पानं पिवळी, पण शिरा हिरव्या? पुस्तकात याला लोहाची कमतरता म्हणतात. पण आपल्या जांभ्याच्या लाल मातीत लोह भरपूर असतं, मुळांना ते घेता येत नसतं. म्हणून टॉनिक आणण्याआधी कुंडीत पाणी साचतंय का ते पाहा आणि घराच्या कामातला चुना-सिमेंट आत पडलाय का तेही पाहा.

पानांची टोकं आणि कडा करपल्यासारख्या तपकिरी झाल्या तर पाण्याची चव घ्या. खाडीकाठच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात आणि क्षार मातीत साठत जातात. गोड्या पाण्याने कुंडी एकदा भरपूर धुऊन काढा. समुद्राकडच्या बाजूचीच पानं जळाली असतील, तर तो खाऱ्या वाऱ्याचा मार आहे. जागा बदला.

आंब्याची नवी पालवी तांबूस आणि लोंबती असते. तो रोग नाही, ते तिचं बाळपण आहे. पंधरवड्यात ती हिरवी होऊन ताठ होते. याच काळात कात्रीने कापल्यासारखे कोवळ्या पानांचे तुकडे खाली पडलेले दिसले, तर तो पान कापणाऱ्या भुंग्याचा उद्योग आहे. त्या तुकड्यांत त्याची अंडी असतात, म्हणून ते रोज वेचून जाळा. फवारणीआधी एवढं केलं तरी पुढची पिढी बरीच कमी होते.

पावसात पानांवर काळपट ठिपके वाढत गेले तर तो करपा. लागण झालेली पानं काढा आणि उघडीप पाहून एक टक्का बोर्डो (बुरशी मारणारं मिश्रण) फवारा: एक लिटर पाण्याला 10 ग्रॅम मोरचूद आणि 10 ग्रॅम चुना, दोन्ही वेगवेगळे विरघळवून मग एकत्र करायचे. भांडं प्लास्टिकचं घ्या, लोखंडी नको.

जोडाच्या, म्हणजे खुंटावर कलम बांधलेल्या जागेच्या, खालून फूट आली तर ती लगेच खुडा. ती हापूसची नसते, रायवळ खुंटाची असते आणि सगळं बळ खाऊन टाकते. दर वर्षी कोणीतरी हीच फूट कौतुकाने वाढवतं आणि वरचं कलम वाळतं, तेव्हा आम्हाला फार वाईट वाटतं.

एवढं पाहूनही उलगडा झाला नाही, तर पिशवीसकट रोप आमच्याकडे घेऊन या. लांब असाल तर चार फोटो पाठवा: खालच्या पानाचा, शेंड्याचा, जोडाचा आणि पान उलटून मागच्या बाजूचा. शेवटचं पाणी कधी दिलं आणि कुठल्या विहिरीचं किंवा नळाचं, तेही लिहा. बघून सांगायचे आम्ही पैसे घेत नाही.