शुक्राचे शहाण्णव टक्के, मंगळाचे पंचाण्णव टक्के

शुक्राच्या वातावरणात सुमारे ९६ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे आणि मंगळाच्या वातावरणात सुमारे ९५ टक्के. तरीही शुक्राचा पृष्ठभाग ४६५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला असतो आणि मंगळाचे सरासरी तापमान उणे ६० अंशांच्या घरात राहते. ही दोन वाक्ये शेजारी मांडून कोणी तरी विजयी मुद्रेने विचारतो, ‘मग या वायूमुळे उष्णता अडते हे थोतांडच नाही का?’ त्यावर दुसरा कोणी घाईघाईने सांगतो, ‘शुक्र सूर्याजवळ आहे आणि मंगळ लांब, एवढेच कारण.’ हा संवाद ऐकून कान किटले आहेत. प्रश्न चुकीच्या आकड्यावर उभा आहे आणि उत्तर त्याहून चुकीच्या.

अंतराचे आधी उरकून घेऊ. शुक्राला पृथ्वीच्या जवळपास दुप्पट सूर्यप्रकाश मिळतो, हे खरे. पण त्याचे ढग त्यातला तीन चतुर्थांश प्रकाश परतवून लावतात, आणि शुक्राची चांदणी एवढी लखलखते तीही त्यामुळेच. उरलेल्या प्रकाशाचा हिशेब केला तर शुक्र पृथ्वीपेक्षाही कमी ऊर्जा शोषतो. हे ढग तसेच राहिले आणि हवेने उष्णता अडवलीच नाही, असे धरले तर त्याचा पृष्ठभाग उणे ४० अंशांच्या आसपास असायला हवा. सूर्याला सर्वांत जवळचा बुध दुपारी ४३० अंशांपर्यंत तापतो आणि रात्री उणे १८० पर्यंत निवतो. शुक्रावर दिवस आणि रात्र यांत फारसा फरकच पडत नाही. मंगळ लाल दिसतो, आपल्याकडे त्याला अंगारक म्हणतात, म्हणून तो तापलेला असावा असे मानणारेही भेटतात, पण तो रंग गंजलेल्या लोखंडाचा आहे. ज्वालामुखी, दऱ्या, दिवसाची लांबी यांबाबत कोणी फारसा गोंधळ घालत नाही, म्हणून ते सोडून देतो.

खरी गफलत टक्क्यात आहे. टक्का हवेतला वाटा सांगतो. मुळात हवा किती आहे हे तो सांगत नाही. गोधडी आणि हातरुमाल दोन्ही शंभर टक्के सुती असतात, म्हणून पौषातल्या थंडीत कोणी हातरुमाल पांघरून झोपत नाही. शुक्राच्या पृष्ठभागावरचा दाब पृथ्वीच्या ९२ पट आहे, म्हणजे समुद्रात ९०० मीटरहून खोल गेल्यावर जेवढा असेल तेवढा. मंगळावर तो पृथ्वीच्या एका टक्क्याहूनही कमी आहे. वायूच्या वजनात सांगायचे तर शुक्राच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १००० टन कार्बन डायऑक्साइड उभा आहे आणि मंगळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर दीडशे किलोच्या आसपास. वाटा जवळजवळ सारखा, पण साठ्यात सहा हजार पटींहून अधिक तफावत.

इथपर्यंत पटलेला वाचकही पुढच्या पायरीवर अडखळतो. पृथ्वीच्या प्रत्येक चौरस मीटरवर या वायूचे जेमतेम सहा-साडेसहा किलो आहेत. म्हणजे मंगळावर तो आपल्या वीसपटींहून अधिक आहे, आणि तरीही तिथे त्याच्यामुळे मिळणारी ऊब पाचएक अंशांपलीकडे जात नाही. कारण असे की, जमिनीतून वर जाणारी उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपाने जाते आणि कार्बन डायऑक्साइडचे रेणू त्यातल्या काही ठरावीक तरंगलांबीच शोषतात. हवा विरळ असली की या तरंगलांबींच्या पट्ट्या केसासारख्या बारीक राहतात आणि मधल्या फटींतून उष्णता निसटते. हवा दाट असली की रेणू एकमेकांवर सतत आदळतात, पट्ट्या रुंदावतात आणि फटी बुजत जातात. पृथ्वीवर हे काम नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या गर्दीमुळे होते, शिवाय उष्णता अडवण्याचा मोठा भार पाण्याची वाफ उचलते. मंगळावर गर्दीही नाही आणि वाफही नावापुरतीच.

यावर लगेच दुसरे टोक गाठणारे असतात: ‘म्हणजे शुक्र दाबामुळेच तापला!’ हे वाक्य तर मला पहिल्यापेक्षाही अधिक खटकते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे बूड हाताला गरम लागते, पण रात्रभर सायकल उभी राहिली की ट्यूबमधला दाब तसाच असतो आणि ट्यूब मात्र गार असते. दाबताना उष्णता निर्माण होते, दाबून ठेवल्याने होत नाही. शुक्राचा दाब किती तरी काळापासून तसाच आहे. ऊब टिकते ती वर जाणारी उष्णता अडल्यामुळे.

एवढा वायू शुक्रावरच का साचला, हे भूविज्ञानाचे कोडे आहे. पृथ्वीवरही कार्बन त्याच तोलाचा आहे, पण पाण्यात विरघळून तो चुनखडीसारख्या खडकांत बंदिस्त झाला. शुक्रावर पाणी टिकले नाही, त्यामुळे तो हवेतच राहिला. मंगळ लहान, त्याचे चुंबकीय कवचही गेले, आणि सौरवाऱ्याने, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या भारित कणांच्या झोताने, त्याची बरीचशी हवा अवकाशात ओढून नेली.

हे आकडे सहज हाती आलेले नाहीत. ऑक्टोबर १९६७ मध्ये व्हेनेरा ४ हे सोव्हिएत यान शुक्राच्या हवेत उतरले आणि त्याचे संदेश थांबले तेव्हा ते पृष्ठभागावर पोहोचले असेच तिथल्या शास्त्रज्ञांनी मानले; प्रत्यक्षात ते वीस किलोमीटरहून अधिक उंचीवरच निकामी झाले होते. पृष्ठभागावरून पहिले संदेश डिसेंबर १९७० मध्ये व्हेनेरा ७ ने पाठवले, तेही २३ मिनिटे आणि अतिशय क्षीण. मंगळाची गोष्ट याहून बोलकी आहे. तिथे कार्बन डायऑक्साइड आहे हे १९४७ पासून दुर्बिणींमुळे ठाऊक होते, पण एकंदर दाब पृथ्वीच्या दहाव्या हिश्श्याच्या जवळपास असावा आणि उरलेली हवा बहुतेक नायट्रोजनची असावी, असा समज होता. जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ हे अमेरिकी यान मंगळाजवळून गेले. वर्षभरापूर्वी रेंजर ७ या यानाने चंद्राची जवळून छायाचित्रे पाठवली होती आणि मंगळाची ही नवी छायाचित्रे तशीच विवरांनी भरलेली निघाली, याचीच चर्चा अधिक झाली. पण यान मंगळामागे जाताना त्याचा रेडिओ संदेश तिथल्या हवेतून आला आणि संदेशात पडलेल्या फरकावरून मोजलेला एकंदर दाब अपेक्षेच्या दहाव्या हिश्श्याइतकाच भरला. मंगळावर एक ग्रॅमही वायू वाढला नव्हता. नायट्रोजनचा कल्पित ढीग तेवढा हिशेबातून गेला आणि कार्बन डायऑक्साइडचा किरकोळ वाटा ९५ टक्क्यांकडे गेला.