चांदीच्या जोडात चांदी नेमके काय करते?

उन्हाळा सुरू झाला की सोलापुरात फ्रीज आणि एअर कंडिशनर दुरुस्त करणाऱ्यांना उसंत मिळत नाही. पारा चाळिशी ओलांडतो, कॉम्प्रेसर दिवसाचे बहुतेक तास चालू राहतात आणि सततच्या कंपनाने एखादी तांब्याची नळी जोडाजवळ चिरते. मेकॅनिक येतो, गॅसची बत्ती पेटवून नवा जोड करतो, आणि बिलात ‘चांदीचा जोड’ अशी एक ओळ दिसते. चांदीचा भाव किलोला लाखाच्या पुढे गेल्यापासून ग्राहक या ओळीकडे बारकाईने पाहू लागले आहेत. वापरलेली कांडी तांबूस रंगाची होती, म्हणजे आपल्याला फसवले, अशी तक्रार काही जण करतात. काही जण याच्या उलट टोकाला जाऊन ‘अधिक चांदीची कांडी लावा, पैसे जास्त घ्या’ असा आग्रह धरतात. जितकी चांदी जास्त तितका जोड चांगला, हे एकच गृहीतक दोन्हींच्या मुळाशी आहे आणि ते बरोबर नाही.

या पद्धतीला ब्रेझिंग म्हणतात. वेल्डिंगमध्ये जोडायच्या तुकड्यांच्या कडाच वितळवल्या जातात. ब्रेझिंगमध्ये तुकडे घनच राहतात आणि त्यांच्यामधील फटीत त्यांच्यापेक्षा कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू भरला जातो. हा मिश्रधातू ४५० अंश सेल्सिअसच्या वर वितळत असेल तर ते ब्रेझिंग आणि त्याखाली वितळत असेल तर सोल्डरिंग, अशी तांत्रिक सीमा ठरलेली आहे. सराफ बाजारातला कारागीर फुंकणी आणि टाकणखार घेऊन चांदीच्या पैंजणाची कडी झाळतो, तेव्हा तोही ब्रेझिंगच करत असतो.

प्रश्न असा की, भरायच्या धातूत चांदी कशाला हवी? शुद्ध चांदीचा द्रवणांक ९६२ अंश आहे आणि तांब्याचा १०८५ अंश. या दोन धातूंचे मिश्रण केले तर त्याचा द्रवणांक या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी असावा, असे कोणालाही सहज वाटेल. प्रत्यक्षात वजनाने ७२ भाग चांदी आणि २८ भाग तांबे घेतले तर ते मिश्रण ७८० अंशांनाच वितळते, म्हणजे चांदीच्याही १८० अंश खाली. धातुशास्त्रातील जी मोजकी आश्चर्ये पहिल्यांदा ऐकून खोटी वाटतात, त्यांत मी याचा क्रमांक फार वर लावीन. अशा मिश्रणाला ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ फ्रेडरिक गथ्री यांनी १८८४ मध्ये ‘युटेक्टिक’ हे नाव दिले.

हे का घडते, ते जरा सविस्तर पाहण्यासारखे आहे. द्रव अवस्थेत चांदी आणि तांबे कोणत्याही प्रमाणात एकमेकांत मिसळतात. घन अवस्थेत मात्र त्यांचे पटत नाही. दोघांच्या स्फटिकांची मांडणी एकाच प्रकारची असली, तरी चांदीचा अणू तांब्याच्या अणूपेक्षा बारा-तेरा टक्क्यांनी मोठा आहे. त्यामुळे एकाच्या स्फटिकात दुसऱ्याचे अणू फारसे सामावत नाहीत. ७८० अंशांनाही घन चांदी आपल्यात जेमतेम नऊ टक्के तांबे सामावून घेते आणि थंड होताना त्यातलेही बहुतेक बाहेर टाकू पाहते. आता एखाद्या पदार्थाने घन राहायचे की द्रव व्हायचे, हे दोन गोष्टींच्या तोलावर ठरते. अणू एकमेकांना घट्ट धरून बसल्याने ऊर्जा कमी होते, ही घन अवस्थेची जमेची बाजू. अणूंना असंख्य प्रकारे मांडले जाण्याची मोकळीक, म्हणजेच एन्ट्रॉपी, ही द्रव अवस्थेची जमेची बाजू. आणि या मोकळिकीचे वजन निरपेक्ष तापमानाच्या पटीत वाढत जाते. शुद्ध चांदीत हा तोल ९६२ अंशांना बरोबर साधतो. त्या द्रवात तांब्याचे अणू मिसळले की दोन प्रकारचे अणू कसेही मांडता येण्याची नवी मोकळीक द्रवाला मिळते. घन चांदीने तांब्याला जवळजवळ बाहेरच ठेवलेले असल्याने तिला मात्र या मोकळिकीचा फारसा वाटा मिळत नाही. साहजिकच द्रवाचे पारडे जड होते आणि पुन्हा तोल साधण्यासाठी तापमान खाली यावे लागते. पॉट आइस्क्रीम करताना बर्फात मीठ टाकल्यावर बर्फ शून्याच्या खालीही वितळत राहतो आणि योग्य प्रमाण साधले तर पारा उणे २१ अंशांपर्यंत उतरतो, त्यामागे हेच गणित आहे.

चांदीत तांबे वाढवत नेले की घनीभवनाचे तापमान उतरत जाते. दुसऱ्या बाजूने तांब्यात चांदी वाढवत नेली की तेही उतरत जाते. आलेखावर या दोन उतरत्या रेषा जिथे एकमेकींना भेटतात, तो युटेक्टिक बिंदू. त्या बिंदूवरचे मिश्रण शुद्ध धातूसारखे एकाच तापमानाला घनाचे द्रव होते. त्याच्या डावी-उजवीकडची मिश्रणे ७८० अंशांना वितळू लागतात खरी, परंतु पूर्ण द्रव होण्यासाठी त्यांना आणखी तापवावे लागते आणि मधल्या काळात ती घन कण व द्रव यांच्या लगद्याच्या रूपात असतात.

यावरून एक विलक्षण गोष्ट निघते. स्वच्छ तांब्याच्या पत्र्यावर स्वच्छ चांदीचा पत्रा घट्ट दाबून ८०० अंशांपर्यंत तापवला तर दोन्ही धातू आपापल्या द्रवणांकाच्या बरेच खाली असतात, तरीही जिथे ते एकमेकांना टेकलेले आहेत तिथे ते वितळतात, कारण तेथे अणूंची देवाणघेवाण होऊन युटेक्टिक मिश्रण आपोआप तयार होते. इंग्लंडमधील शेफील्ड येथे टॉमस बोल्सोव्हर यांना १७४३ च्या सुमारास हे ध्यानात आले आणि तांब्यावर चांदी चढवलेल्या भांड्यांचा मोठा व्यवसाय त्यातून उभा राहिला. युटेक्टिकचा सिद्धांत तेव्हा शंभर वर्षांहून अधिक दूर होता.

दोन धातूंनी ७८० अंशांपर्यंत आणले. आणखी खाली जायचे तर तिसरा आणि चौथा धातू हवा. तांब्याच्या वाट्यात जस्त घातले की तापमान आणखी उतरते. सोनार चांदीत पितळ मिसळून झाळ तयार करत आले, त्याचे कारण हेच. ४५ टक्के चांदी, १५ टक्के तांबे, १६ टक्के जस्त आणि २४ टक्के कॅडमियम हे मिश्रण तर ६०७ ते ६१८ अंश इतक्या अरुंद पट्ट्यात वितळते आणि पाण्यासारखे पसरते. कारागिरांना ते फार आवडे, परंतु कॅडमियम ७६७ अंशांना उकळते. बत्तीची ज्योत हे तापमान सहज ओलांडते आणि निघणारा धूर फुप्फुसांना व मूत्रपिंडांना घातक असतो. शिवाय त्रास काही तासांनी सुरू होत असल्याने तो फ्लूचा ताप समजून दुर्लक्षिला जातो. युरोपीय संघाने २०११ मध्ये काही अपवाद वगळता ब्रेझिंगच्या कांड्यांत कॅडमियमला बंदी घातली. त्याच्या जागी थोडे कथील आले, पण तापमान खाली राखायचे तर चांदी वाढवावी लागली: ५६ टक्के चांदीचे कॅडमियमरहित मिश्रण ६१८ ते ६५२ अंशांत वितळते. तेव्हा कांडीतील जादा चांदी पुष्कळदा जादा मजबुतीची नसून विषारी धातू काढून टाकल्याची किंमत असते.

आता ती तांबूस कांडी. ती बहुतेक तांबे आणि फॉस्फरस यांची असते. तिच्यात चांदी शून्य, पाच किंवा पंधरा टक्के असू शकते. तांबे आणि फॉस्फरस यांचेही युटेक्टिक मिश्रण आहे, ८.४ टक्के फॉस्फरसला ७१४ अंश. वितळताना फॉस्फरस तांब्यावरील ऑक्साइड स्वतःच खाऊन टाकतो, म्हणून तांब्याला तांबे जोडताना वेगळा फ्लक्स, म्हणजे ऑक्साइड दूर करणारा टाकणखारासारखा पदार्थ, लागत नाही. त्यात चांदी घातली की मिश्रण ६४५ अंशांच्या आसपास वितळू लागते, आणि गंमत म्हणजे चांदी पाच टक्के असो वा पंधरा, हा आकडा जवळपास तोच राहतो. मग पंधरा टक्क्यांचा फायदा कोणता? फॉस्फरस तांब्याशी संयोग पावून ठिसूळ फॉस्फाइड बनवतो. चांदी जास्त असेल तर फॉस्फरस कमी घालून भागते आणि जोड कंपन अधिक सोसतो. कॉम्प्रेसरजवळच्या जोडासाठी हा विचार योग्य आहे; कंपन नसलेल्या सरळ नळीसाठी तो बहुधा अनावश्यक खर्च आहे. पोलादी नळीला मात्र फॉस्फरसची कांडी लावूच नये, कारण तेथे लोखंडाचे फॉस्फाइड तयार होऊन जोड काचेसारखा तडकतो. तेथे फॉस्फरसविरहित चांदीची कांडी आणि फ्लक्स हेच हवे.

चांदी हा चंद्राचा धातू, म्हणून शीतल, आणि म्हणून चांदीचा जोड असलेला फ्रीज अधिक गार करतो, असेही मी गंभीरपणे सांगितले जाताना ऐकले आहे. चांदी हाताला गार लागते, कारण सर्व धातूंत ती उष्णतेची सर्वोत्तम वाहक आहे आणि बोटातील उष्णता झपाट्याने ओढून घेते. चंद्राचा त्याच्याशी संबंध नाही. शिवाय मिश्रधातूत हा गुण बराच घटतो आणि जोडातला थर कागदाएवढा पातळ असतो. फ्रीजच्या गारव्यावर त्याचा परिणाम मोजण्याइतकाही नसतो.

त्या थराची जाडी मात्र टक्क्यांपेक्षा महत्त्वाची आहे. नळी आणि ती जिच्यात बसते ती बाहेरची नळी यांत साधारण ०.०५ ते ०.१३ मिलिमीटर फट असावी लागते. वितळलेल्या चांदीचा पृष्ठताण पाण्याच्या सुमारे बारापट असतो. पृष्ठभाग स्वच्छ असेल तर ०.१ मिलिमीटरच्या फटीत असा द्रव तत्त्वतः सुमारे २० सेंटिमीटर उंच चढू शकेल. पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर असेल तर तो मुळीच आत जात नाही, थेंब होऊन बाहेर बसतो. फट पातळ असली की दोन्ही बाजूंचा धातू मधल्या मऊ थराला ताणाखाली बारीक होऊ देत नाही, आणि तो थर सुट्या कांडीपेक्षा कितीतरी अधिक बळ सोसतो. रुंद फटीत महागडी चांदी ओतल्यास हे बळ मिळत नाही. याच ओढीचा एक उलटा परिणामही मेकॅनिकांना ठाऊक असतो: फ्रीजची बारीक कॅपिलरी नळी फिल्टरमध्ये पुरेशी आत सरकवलेली नसेल, तर द्रव तिच्या तोंडापर्यंत पोहोचून तिलाच बंद करतो.

अरुंद फटीसाठी अरुंद पट्ट्यात वितळणारी कांडी चांगली. फट थोडी मोठी असेल तर लगद्याची अवस्था उपयोगी पडते, कारण लगदा वाहून न जाता फट भरून काढतो. मात्र अशी कांडी सावकाश तापवली तर आधी वितळणारा भाग पुढे निघून जातो आणि न वितळणारा खरबरीत सांगाडा मागे उरतो. म्हणून जाणकार माणूस ज्योत कांडीवर धरत नाही. तो जोडाची दोन्ही बाजूंची नळी झटपट आणि समान तापवतो, कांडी फक्त तापलेल्या नळीला टेकवतो आणि नळीच्या उष्णतेने ती वितळू देतो. नळीतून नायट्रोजनचा मंद झोत सोडलेला असेल तर आतून काळे ऑक्साइड धरत नाही. ते धरले तर नंतर खपल्या सुटून त्याच कॅपिलरीत अडकतात.

हल्ली काही एअर कंडिशनरांची कॉइल अॅल्युमिनियमची येते. अॅल्युमिनियम स्वतःच ६६० अंशांना वितळते, त्यामुळे चांदीच्या नेहमीच्या कांड्या तेथे निरुपयोगी ठरतात. तेथे १२ टक्के सिलिकॉन असलेली अॅल्युमिनियमची कांडी वापरतात. एकट्या सिलिकॉनचा द्रवणांक १४१४ अंश आहे, तरीही ही कांडी ५७७ अंशांना वितळते.