लॅम्ब्टनच्या साखळीपासून सातबाऱ्यापर्यंत

विज्ञानाच्या पहिल्याच धड्यात राशी, एकके आणि उपकरणाचे लघुतम माप येते आणि तो धडा बहुधा घाईने उरकला जातो. विदर्भातल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हे विशेष खटकते, कारण त्या धड्यामागचा इतिहास त्याच्या घरातून आणि तालुक्यातून गेलेला आहे.

पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात पायली, कुडव, खंडी हे शब्द अजून कानी पडतात. पायली हे वजन नसून आकारमानाचे माप आहे. त्यामुळे एक पायली धान आणि एक पायली तांदूळ यांचे वजन सारखे भरत नाही, शिवाय माप शीग लावून भरले की वरून हात फिरवून सपाट केले, यावरही धान्य कमी-जास्त होते. गावापुरता हा संकेत सगळ्यांना ठाऊक असल्याने व्यवहार अडत नसे. अडचण येई ती दुसऱ्या बाजारात, जिथे नाव तेच पण माप निराळे असे. इंग्रजी अमदानीत १८३३ मध्ये १८० ग्रेनचा तोळा, ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा, म्हणजे सुमारे ३७.३२ किलोग्रॅमचा, मण ठरवण्यात आला. तरी स्थानिक मापे चालूच राहिली.

कोणा राजाच्या हाताच्या लांबीवर किंवा बाजाराच्या रिवाजावर न विसंबता निसर्गातूनच एकक घ्यावे, हा विचार फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या काळात रुजला. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर, असे ठरले आणि त्यासाठी देलांब्र व मेशँ या खगोलशास्त्रज्ञांनी १७९२ पासून काही वर्षे खपून डंकर्क ते बार्सिलोना हा पट्टा त्रिकोण जोडत मोजला. एवढे करूनही मीटर सुमारे ०.२ मिलिमीटरने आखूडच निघाला.

हीच त्रिकोणांची पद्धत इंग्रज सैन्यातले भूमापक विल्यम लॅम्ब्टन यांनी भारताच्या मोजणीच्या मोहिमेसाठी १८०२ मध्ये मद्रासजवळ वापरायला घेतली. मोजणीचे एकक मात्र फूटच राहिले. सुमारे १२ किलोमीटरची पायारेषा, म्हणजे जमिनीवर प्रत्यक्ष मोजायची पहिल्या त्रिकोणाची बाजू, त्यांनी १०० फुटी पोलादी साखळीने मोजली आणि साखळीसोबत तापमानाचीही नोंद ठेवली. पोलाद तापमानाच्या दर अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या सुमारे १२ दशलक्षांश भागाने वाढते. हा आकडा क्षुल्लक दिसतो, पण एवढ्या लांब रेषेवर १० अंशांचा फरक दुर्लक्षिला, तर जवळपास दीड मीटरची चूक शिरते. विदर्भातल्या उन्हाळ्यात सकाळ आणि दुपार यांच्यात एवढा फरक सहज पडतो. पुढचा प्रत्येक त्रिकोण पायारेषेवरच उभा असल्याने ती चूक सगळ्या मोजणीत पसरली असती. त्याच मोहिमेच्या कामात, हैदराबादहून नागपूरकडे जाताना, जानेवारी १८२३ मध्ये लॅम्ब्टन यांचे हिंगणघाट येथे निधन झाले. त्यांची कबर तिथेच आहे. कापसाच्या बाजारपेठेसाठी हिंगणघाट सर्वांना माहीत आहे, या कबरीसाठी मात्र फारच थोड्यांना.

स्वतंत्र भारताने १९५६ मध्ये वजनमापांचा कायदा करून दशमान पद्धत स्वीकारली आणि ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने अमलात आणली. कापूस क्विंटलने विकला जाऊ लागला, तरी रुईचा भाव अजून सुमारे ३५६ किलोग्रॅमच्या खंडीनेच बोलला जातो. जमिनीचेही तसेच आहे. तोंडी एकर चालतो, सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर. एक एकर म्हणजे ०.४०४७ हेक्टर. सोयीसाठी तो ०.४० धरला, तर पाच एकरांचे क्षेत्र २.०२ ऐवजी २.०० हेक्टर येते, म्हणजे दोन आर, जवळपास दोन गुंठे, कागदावरच नाहीसे होतात. गणित सोडवताना कोणत्या पायरीवर आकडा पूर्ण करायचा, हा प्रश्न शेताच्या धुऱ्यावरून भांडण पाहिलेल्या मुलाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.