बंड्याचे डोळे उघडे का राहिले

आमच्या बंड्याला, म्हणजे आमच्या कुत्र्याला, डॉक्टरांकडून इंजेक्शन देऊन शांत केलं तेव्हा त्याचे डोळे उघडेच राहिले आणि आईच्या मनात तेच बसलं. "अरे, त्याला कळलं असेल का आपण काय करतोय ते?" असं तिने आठवडाभरात मला किमान दहा वेळा विचारलं. मी बायोलॉजी शिकलेला माणूस, पण तेव्हा मलाही धड उत्तर देता आलं नाही, मग बसून वाचलं, डॉक्टरांना फोन करून करून पिडलं, आणि आता लिहितोय कारण हा प्रश्न फक्त आमच्याच घरात पडत नसणार.

बंड्या लॅब्राडॉर, 13 वर्षांचा. सगळे म्हणायचे सात गुणिले तेरा, म्हणजे नव्वदी पार. पण हा सातचा पाढा चुकीचाच आहे. 2020 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोमधल्या संशोधकांनी 104 लॅब्राडॉर घेतले, वयाप्रमाणे डीएनएवर ज्या रासायनिक खुणा बदलत जातात त्या माणसांशी ताडून बघितल्या, तर कुत्रं पहिल्या वर्षातच माणसाच्या तिशीला पोचतं आणि मग पुढे सावकाश म्हातारं होतं असं निघालं. त्या हिशोबाने आमचे हे आजोबा, म्हणजे बंड्या, साधारण 72 चे.

गेला तो किडनीने. फेब्रुवारीत पाण्याचं भांडं दिवसातून तीनदा रिकामं व्हायला लागलं, आम्ही म्हटलं यंदा ऊन लवकर पडलंय. खरं कारण असं की थकलेल्या किडनीला लघवी दाट करता येत नाही, पाणी तसंच बाहेर जातं आणि मग तहान लागत राहते. आणि गंमत बघा (गंमत कसली), रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा) वाढलेलं दिसतं तोवर किडनीचं जवळपास 75 टक्के काम बंद पडलेलं असतं. त्यामुळे "आधी का नाही कळलं" म्हणून स्वतःला खात बसण्यात फार अर्थ नसतो, किडनी शेवटपर्यंत सांभाळून घेते आणि मग एकदम हात वर करते.

मे महिन्यात त्याने दहीभातावरून तोंड फिरवलं. सलाईन लावून झालं, उलट्या थांबेनात. डॉक्टरांनी मार्क द्यायची एक पद्धत सांगितली, अॅलिस व्हिलालोबोस नावाच्या अमेरिकन व्हेटने, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरने, बनवलेली: दुखणं, खाणं, पाणी, स्वच्छता, आनंद, चालणं-फिरणं आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, प्रत्येकाला दहापैकी मार्क (जितकं बरं तितके जास्त), बेरीज 35 च्या वर असेल तर अजून चालवून घ्यायला हरकत नाही. मी दिले 21. आईने 34. एखाद-दोन मार्कांनी नापास करायचं तिच्या जिवावर आलं होतं, पण पास तिलाही करता आलं नाही.

असं इंजेक्शन देऊन शांत करण्याला लोक इच्छामरण म्हणतात ते मला पटत नाही, इच्छा कोणाची? दयामरण म्हणा.

तर त्या दिवशी डॉक्टर घरी आले. आधी मांडीत झोपेचं इंजेक्शन, दहा मिनिटांत त्याची मान जड झाली. मग पुढच्या पायावरचे केस भादरून शीर शोधली, ती पटकन सापडेना, कारण अंगात पाणी कमी आणि बीपी उतरलेलं. त्यातून जे देतात ते भुलीचंच औषध असतं, बार्बिट्युरेट जातीचं, याच जातीचं औषध माणसांच्या ऑपरेशनलाही वापरलेलं आहे, फक्त इथे डोस खूपच मोठा. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन पेशींना 'गप्प बसा' असा निरोप देत असतं, हे औषध त्याच निरोपाचा आवाज प्रचंड वाढवतं. आधी मेंदूचा वरचा भाग गप्प होतो, म्हणजे भान जातं, आणि याला काही सेकंदच लागतात. त्यानंतर श्वास चालवणारं मेंदूच्या देठातलं केंद्र, आणि मग हृदय. हा क्रम महत्त्वाचा, कारण श्वास थांबतो तेव्हा ते जाणवून घ्यायला आत कोणी जागं नसतं. नंतर एखादा मोठा उसासा येतो, पाय थरथरतो, लघवी होते, बघणाऱ्याच्या काळजाचं पाणी होतं, पण ते नुसते रिफ्लेक्स आणि सैल पडलेले स्नायू. डोळ्यांचंही तेच. डोळा मिटून घ्यायला स्नायू आवळावा लागतो, तो आवळायला कोणी उरलेलंच नव्हतं.

आता आईचा खरा प्रश्न, कळलं का. मृत्यू म्हणजे काय हे कुत्र्याला कळतं असं कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण जवळ कोण आहे हे कळतं, आणि ते नाकाने कळतं. अमेरिकेत अटलांटाच्या एमरी विद्यापीठात मेंदूचा अभ्यास करणाऱ्या ग्रेगरी बर्न्स यांनी कुत्र्यांना भूल न देता एमआरआयच्या मशीनमध्ये शांत पडून राहायला शिकवलं (आमचा बंड्या फटाक्यांच्या वेळी बाथरूममधून बाहेर यायचा नाही, त्यामुळे मला याचंच जास्त कौतुक). मग 12 कुत्र्यांना वेगवेगळे वास दिले: स्वतःचा, ओळखीच्या कुत्र्याचा, अनोळखी कुत्र्याचा, अनोळखी माणसाचा आणि घरच्या माणसाचा. काहीतरी चांगलं येणार असं वाटलं की मेंदूचा जो भाग चेततो तो सगळ्यात जास्त चेतला घरच्या माणसाच्या वासाने, आणि तो माणूस तर खोलीत नव्हताच.

बंड्याखाली त्या दिवशी आईची जुनी सुती साडी होती. तिने ती फरशी गार लागेल म्हणून घातली होती.

आमच्याकडे चिंगी पण आहे, रस्त्यावरून आणलेली, पाच वर्षांची. 2022 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात इटलीतल्या, घरातल्या किमान दोन कुत्र्यांपैकी एक गमावलेल्या 426 लोकांना विचारलं तर 86 टक्के म्हणाले की मागे राहिलेलं कुत्रं बदललं, खेळणं-खाणं कमी, झोप जास्त, सारखं माणसांच्या मागे मागे. अर्थात हे मालकांनी सांगितलेलं, आणि मालक जितका दुःखात तितका कुत्र्यातला बदलही जास्त दिसला, त्यामुळे कोणाचं दुःख कोणात उतरतं हे वेगळं काढणं अवघड. चिंगी दोन आठवडे अर्धंच खायची, पण अर्धंच तर आम्हीही खायचो.

आता ती नीट जेवते. जेवण झालं की बंड्याच्या गादीपाशी जाते, कोपरा हुंगते, आणि तिथेच अंग मुडपून बसते. गादीचं कव्हर अजून धुतलेलं नाही. आई म्हणते पावसात वाळणार नाही, राहू दे.