गळा दाटलेला असताना गाता येतं कसं?

६ फेब्रुवारी २०१०. इंग्लंडात मिल्टन कीन्सजवळ वेव्हंडन म्हणून गाव आहे, तिथल्या 'द स्टेबल्स' थिएटरला ४० वर्षं झाली म्हणून मोठा कार्यक्रम होता. हे थिएटर ब्रिटिश जॅझ गायिका क्लिओ लेन आणि तिचा नवरा, संगीतकार जॉन डँकवर्थ या दोघांनी घराशेजारच्या जुन्या तबेल्यात सुरू केलेलं. १९५१ मध्ये ती त्याच्या बँडसाठी ऑडिशन द्यायला गेली, १९५८ ला लग्न, मग आयुष्यभर तो सॅक्सोफोनवर आणि ती माइकसमोर. कार्यक्रमाच्या त्याच दिवशी तो वारला. आणि संध्याकाळी ८२ वर्षांची क्लिओ स्टेजवर येऊन गायली, मुलगा-मुलगीही सोबत होते, लोकांना बातमी तिने सांगितली ती थेट शेवटी.

मला हे वाचल्यापासून एकच प्रश्न छळतोय, आवाज फुटला कसा?

कारण कंठ दाटतो तेव्हा तिथे खरंच काहीतरी घडत असतं. ताण आला की शरीराला जास्त हवा हवी असते, म्हणून स्वरयंत्राची फट उघडी राहायला बघते, आणि आपण आवंढा गिळायला जातो तेव्हा ती बंद करावी लागते, या ओढाताणीत घशात गोळा आल्यासारखं वाटतं. गाण्याला तर स्वरयंत्रातल्या स्वरपट्ट्या नेमक्या जवळ यायला लागतात, मधल्या सुराला सेकंदाला दोनशेच्या वर वेळा थरथरतात. क्लिओचा आवाज तीन सप्तकांहून जास्त फिरायचा, आणि दर सप्तकाला वेग दुप्पट होतो, म्हणजे खालच्या सुरापेक्षा वरच्या सुराला पट्ट्या आठपटीहून जास्त वेगाने हलणार!

गंमत म्हणजे रडण्याची आणि गाण्याची वायर वेगळी आहे. रडणं मेंदूच्या खोल, जुन्या भागातून येतं, म्हणून बाळ जन्मल्या जन्मल्या रडतं पण बोलायला त्याला वर्ष लागतं. शब्द आणि सूर मेंदूच्या वरच्या थरातून, म्हणजे कॉर्टेक्समधून येतात, ते शिकावे लागतात. दोन्ही वायरी शेवटी त्याच स्वरयंत्राच्या स्नायूंवर येऊन पोचतात, त्यामुळे गाता गाता हुंदका आला की सूर तुटतो. मला वाटतं इथे साठ वर्षांचा रियाज उभा राहिला असणार. शिवाय गाणं म्हणजे लांबवलेला उच्छ्वास, आणि श्वास सावकाश सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, म्हणजे ओळ संपेपर्यंत तरी शरीराला जरा टेकायला जागा मिळते.

ती त्यानंतरही गात राहिली, त्याच स्टेबल्समध्येसुद्धा. २४ जुलै २०२५ ला गेली, ९७ वर्षांची होऊन.